कोणताही त्रिकोण

हेडाऊ सर भूमितीच्या तासाला फळ्यावर आकृती काढत नसत. तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बपेऱ्याच्या अलीकडे एका गावात त्यांची शाळा होती. तिथे नववी-दहावीला गणित शिकवताना ते खडू मुठीत धरून खिडकीशी उभे राहत आणि विधान नुसतं तोंडी सांगत, सावकाश, दोनदा. तिसऱ्यांदा विचारलं तर सांगत नसत. पोरांनी ते शब्द ऐकायचे, मनात मांडायचे, मग वहीत त्रिकोण काढायचा, नावं द्यायची, काय दिलं आहे ते 'पक्ष' म्हणून लिहायचं, काय सिद्ध करायचं ते 'साध्य' म्हणून. तेवढं झाल्यावरच सिद्धतेला हात घालायचा. सर म्हणत, पुस्तकातली आकृती पाठ करणाऱ्याची अक्षरं बदलली की फजिती होते; शब्दांतून आकृती उभी करणाऱ्याला कोणी फसवू शकत नाही.

सर मूळचे मोहाडीचे, चंद्रभान हेडाऊ. घरी पिढ्यान्‌पिढ्यांचा माग. बापाने रेशमी धोतरजोड्या विणून त्यांना बी.एस्सी. केलं. पुढे सरांनी तुमसरला बिऱ्हाड केलं आणि एसटीने शाळेला जाऊ-येऊ लागले. भूमिती शिकवावी तर हेडाऊ सरांनीच, असं पालकही म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांच्या या पद्धतीवर मनापासून विश्वास ठेवणारी एक मुलगी नववीत होती, दामिनी टेंभरे. धानाची शेती करणाऱ्या धनीरामची थोरली. वर्गात फारसं बोलायची नाही. विधान ऐकताना डोळे मिटायची, आणि इतर पोरं शेजारच्या वहीत डोकावत असताना हिची आकृती तयार असायची. बहुतेकदा ती पुस्तकातल्यासारखी नसायची. तोंड दुसरीकडे, अक्षरं वेगळी, पण सगळं नेमकं.

दोन हजार दहा सालच्या जानेवारीत तालुक्याची गणिताची स्पर्धा होती. शाळेतून एकच नाव पाठवायचं होतं. सरांनी नववीची एक छोटी परीक्षा घेतली. तीन विधानं, प्रत्येकी पाच गुण. पहिल्या दोहोंत दामिनीला पैकीच्या पैकी. मुख्याध्यापक केशवराव यांचा मुलगा भूषण त्याच वर्गात होता, त्याला दोन्ही मिळून नऊ. राहिलं तिसरं विधान: त्रिकोणाच्या पायाच्या दोन टोकांपासून समोरच्या बाजूंवर काढलेले लंब सारख्या लांबीचे असतील, तर तो त्रिकोण समद्विभुज असतो, हे सिद्ध करा. त्रिकोण कोणताही घ्या, असं सरांनीच शेवटी जोडलं होतं.

भूषणने पुस्तकातला नेहमीचा उभट त्रिकोण काढला होता. एक कारण लिहायचं राहिलं, म्हणून तीन गुण. दामिनीचा त्रिकोण बसका होता, कौलारू घराच्या छपरासारखा, वरचा कोन काटकोनाहून चांगलाच मोठा. अशा त्रिकोणात हे लंब आत पडतच नाहीत. समोरच्या बाजू वरच्या टोकापलीकडे वाढवाव्या लागतात आणि लंब त्रिकोणाच्या बाहेर, त्या वाढवलेल्या रेघांना जाऊन भेटतात. दामिनीने तसंच केलं होतं. सरांनी त्या आकृतीवर लाल फुली मारली, बाजूला 'आकृती चूक' असं लिहिलं आणि शून्य दिलं. दहा विरुद्ध बारा. भूषणचं नाव स्पर्धेला गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी सरांनी, कधी नव्हे ते, फळ्यावर आकृती काढली, आणि ती दामिनीची. तिला उभं केलं आणि वर्गाला म्हणाले, हे बघा, हे लंब त्रिकोणाच्या घरातून पळून गेले. वर्ग खो खो हसला. दामिनी फळ्याकडे बघत उभी होती. हसणं थांबल्यावर ती हळूच म्हणाली,

"सर, तुमी कोणताही त्रिकोण म्हणलं होतं."

"कोणताही म्हणजे वाटेल तसा नव्हे," सर म्हणाले. वर्ग पुन्हा हसला. दामिनी बसली.

जूनमध्ये दहावीचे वर्ग सुरू झाले. त्या वर्षांत बोर्डाने सामान्य गणिताची सोय ठेवली होती. ज्यांना भूमिती-बीजगणित झेपत नाही त्यांनी सोपं गणित घ्यायचं. मात्र पुढे विज्ञानाला जायची वाट त्याने जवळपास बंद व्हायची. सामान्य गणितवाल्यांची यादी सरांसमोर सहीला आली तेव्हा त्यात अकरावं नाव दामिनी टेंभरेचं होतं. सरांनी ते वाचलं. घरची अडचण असेल, मुलीला पुढे कोण शिकवतंय, असं मनाशी म्हणत सही केली.

ऑगस्टात गणिताच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण भंडाऱ्याला होतं. शिकवायला स्वाती नावाच्या एक तरुण मॅडम होत्या, जवाहरनगरहून रोज येत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विधानं वाचली आणि सगळ्या शिक्षकांना कागदावर आकृत्या काढायला लावल्या. त्यात एक विधान तेच होतं, दोन सारख्या लंबांचं. चाळीस शिक्षकांनी चाळीस उभट त्रिकोण काढले. मग मॅडमनी फळ्यावर एक बसका त्रिकोण काढला, बाजू तुटक रेघांनी वाढवल्या, लंब बाहेर टाकले आणि विचारलं, मुलाने असा पेपर लिहिला तर किती जण गुण कापाल? बरेच हात वर गेले. हेडाऊ सरांचा हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला.

मॅडमनी सिद्धता करून दाखवली. दोन काटकोन त्रिकोण, पाया दोघांचा एकच, तोच दोघांचा कर्ण. लंब सारखे दिलेलेच आहेत. म्हणून कर्ण-भुजा कसोटीने दोन्ही एकरूप. म्हणून पायाजवळचे कोन सारखे. म्हणून समोरच्या बाजू सारख्या. लंब आत पडो की बाहेर, ओळ एकही बदलत नव्हती. उलट ज्याने बाहेरचे लंब काढले, त्याने विधान जास्त नीट वाचलं, असं मॅडम म्हणाल्या. आपल्याला पुस्तकातला त्रिकोण इतका सवयीचा झालाय, की 'कोणताही' म्हटलं तरी आपल्याला तोच दिसतो.

सरांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

शाळेत परतल्यावर त्यांनी कपाट उघडलं. नववीच्या जुन्या पेपरांचा गठ्ठा दोरीने बांधलेला होता. दामिनीचा पेपर त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, प्रत्येक ओळीसमोर कारण. मॅडमनी जे केलं तेच, आणि तेही एक ओळ कमी वापरून. त्या सगळ्यावर सरांची फुली.

मग पंधरा दिवस ते काहीच बोलले नाहीत. दहावीच्या तासाला सामान्य गणिताची पोरं बाजूच्या खोलीत बसत, तिथून दामिनी जाता-येता दिसे. सर तिला उगाच हाक मारून हजेरीपट आणायला सांगत, वही नीटनेटकी आहे म्हणत. ती 'हो सर' म्हणून निघून जाई. आता सांगून काय होणार, असं ते स्वतःला समजावत. कधी वाटे, पोरगी विसरलीही असेल. कधी वाटे, वर्गासमोर चूक कबूल केली तर उद्या पोरं प्रत्येक फुलीवर वाद घालतील. कारणं एकापेक्षा एक चांगली सुचत होती, पण जेवण जात नव्हतं.

शेवटी एका सकाळी चहा घेताना त्यांनी बायकोला सांगितलं. कौशल्या दहावीपर्यंत शिकलेली, माहेरही मोहाडीचंच. त्रिकोणाचं तिला फारसं कळलं नाही, पण बाकीचं सगळं कळलं. तिने कप खाली ठेवला.

"पेपर तपासून राहिले होते तवा तुमच्या काहीच ध्यानात नाही आलं?"

"नाही. आलं असतं तर दिले नसते का गुण?"

"अन् तो पोरगा केशवरावांचा नसता, तर?"

सर एकदम तापले. केशवरावांनी मला एका शब्दाने कधी सुचवलं नाही, तू काहीही बोलतेस, असं म्हणून चहा अर्धा टाकून उठले. पण एसटीत खिडकीशी बसल्यावर ती दुपार त्यांना आठवू लागली. शाळा सुटलेली. स्टाफरूममध्ये ते एकटे. दामिनीच्या तिसऱ्या उत्तराशी त्यांचं पेन थांबलं होतं. तुटक रेघा पट्टीने ओढलेल्या होत्या, काटकोनाच्या खुणा जागच्या जागी होत्या. हे बरोबर तर नसेल, असं मनात येऊन गेलं होतं. तपासून पाहायला दोन मिनिटं लागली असती. पण तपासल्यावर बरोबर निघालं असतं तर तिला पंधरा आणि भूषणला बारा झाले असते. केशवराव चांगले गृहस्थ, काही बोलले नसते. पण रोज सकाळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं होतं. सरांनी ती दोन मिनिटं वाचवली आणि फुली मारली. दुसऱ्या दिवशी तिला फळ्यासमोर उभं केलं तेही बहुधा त्यामुळेच. जे आपल्यालाच पटलेलं नाही ते माणूस जरा जास्तच मोठ्याने सांगतो.

त्या रविवारी ते धनीरामच्या घरी गेले. रोवणी नुकती आटोपली होती, बांध्यांमध्ये धानाची कोवळी रोपं उभी होती. धनीरामने खाट टाकली, त्याची बायको निर्मलाबाई हिने गूळ-पाणी आणलं. सर मास्तरकीच्या आवाजात काही बोलू गेले, ते जमलं नाही, तेव्हा सरळ म्हणाले की नववीच्या परीक्षेत माझ्या हातून चूक झाली, तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, स्पर्धेला तीच जायला पाहिजे होती.

धनीरामला हे सांगायला सर रविवारी तुमसरहून आले याचंच नवल वाटलं. "चुकते माणूस, गुरुजी," तो म्हणाला. "आमी का धानात चुकत नाही? त्याच्यासाठी एवढ्या दूर कायले आले?" आणि त्याने पोरीला हाक मारली.

दामिनी दाराशी येऊन उभी राहिली. सरांनी तिला तेच पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मले माहीत होतं, सर," ती म्हणाली. "घरी येऊन मी परत करून पाहिलं होतं. दोनदा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं न."

सरांनी खाली पाहिलं. मग घाईघाईने म्हणाले की बोर्डाचे फॉर्म दिवाळीच्या आधी जातात, तोवर विषय बदलता येतो. मी शाळेत बोलतो, राहिलेलं सगळं मी स्वतः शिकवतो, शाळा सुटल्यावर एक तास बसलीस तरी पुरे. धनीराम मुलीकडे पाहू लागला. निर्मलाबाईही पाहू लागली. दामिनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"नाही सर. मले आता आकृती काढाले भेव वाटते." तिने जरा थांबून पुढचं सांगितलं. "आधी तुमी विधान सांगितलं का मले दिसे. आता दिसते, पण हात चालत नाही. आधी दुसऱ्याच्या वहीत पाहाते. त्याची तशीच असली तर मंग काढते. अशानं भूमिती नाही होत."

वीस वर्षं त्यांनी पोरांना एकच गोष्ट शिकवायचा प्रयत्न केला होता. ती जिला खरोखर आली होती, तिच्या हातून त्यांनीच ती काढून घेतली होती. त्यांनी दोन-तीनदा आग्रह केला. भीती जाईल, सवयीने जाईल, म्हणाले. दामिनीने मान हलवली नाही आणि पुन्हा नाहीही म्हटलं नाही. दिवाळी आली, फॉर्म गेले. तिच्या फॉर्मवर सामान्य गणितच होतं.

पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी सरांनी एक केलं. दहावीच्या दोन्ही खोल्यांतली पोरं एकत्र बसवली. फळ्यावर दामिनीची आकृती काढली, सिद्धता ओळीने लिहिली आणि म्हणाले, हिचं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो होतो, आणि चुकलो तो चुकलो, वर हिला तुमच्यासमोर हसलो. हिची माफी मागतो. भूषण खाली मान घालून बसला होता. दामिनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा सरांकडे बघून थोडीशी हसली.

ही गोष्ट गावात पसरली. मोठ्या मनाचा माणूस, लोक म्हणू लागले. केशवरावांनी शनिवारच्या प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर सांगितलं की स्वतःची चूक फळ्यावर लिहून दाखवणारा शिक्षक लाभायला भाग्य लागतं, आणि तेव्हा स्पर्धेला माझ्याच मुलाचं नाव गेलं होतं हेही मी लपवत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना हेडाऊ सरांना मान वर करवत नव्हती. अर्धं खरं सांगून पूर्ण खऱ्याचा मान घेतला होता त्यांनी. दामिनी तर मैत्रिणींना, मामाला, कोण भेटेल त्याला सांगे की आमच्या सरांनं सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. आता रस्त्यात भेटली की थांबून नमस्कार करी. त्या प्रत्येक नमस्कारासरशी सर आणखी खचत. घरी कौशल्या विचारी, झालं न आता? ते 'हो' म्हणत. तिला ते पटत नसे, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. दामिनीला पहिला वर्ग मिळाला होता. ती आईला घेऊन शाळेत पेढे द्यायला आली. तुमसरच्या कॉलेजात कला शाखेला नाव घालणार होती. निर्मलाबाईने सरांपुढे हात जोडले.

"गुरुजी, तुमी घरी आले म्हून पोरगी तरली. नाही तं शाळाच सोडते म्हणे."

सरांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालवेना. निर्मलाबाई बाकीच्या मास्तरांकडे वळली तसं त्यांनी दामिनीला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. हे सांगितल्याने तिचं काही भलं होणार नाही, हे त्यांना कळत होतं. आपलं ओझं तिच्या डोक्यावर ठेवतोय का, असंही वाटलं. पण ती ज्याला नमस्कार करत होती तो माणूस आपण नाही, हे आता सहन होत नव्हतं.

"दामिनी, मी त्या दिवशी चुकलो म्हणालो, ते पूर्ण खरं नाही," सर म्हणाले. "तुझा पेपर तपासताना माझं पेन थांबलं होतं. हे बरोबर असेल, असं वाटलं होतं मला. मी मुद्दाम तपासलं नाही. भूषण केशवराव सरांचा मुलगा होता म्हणून."

दामिनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. त्या दिवशी फळ्यासमोर वर्ग हसत असतानाही तो असा झाला नव्हता.

"चूक झाली म्हणाले होते न तुमी," ती म्हणाली. "मी सगळ्यांले तसंच सांगत होती."

"हो."

"चूक तं कोणाची बी होते, सर."

एवढंच बोलून ती वळली. पेढ्यांचा डबा आईच्या हातात दिला आणि फाटकाकडे चालू लागली. निर्मलाबाईने मागे वळून सरांना पुन्हा नमस्कार केला, तिला काहीच माहीत नव्हतं.

त्याच दुपारी सर केशवरावांच्या खोलीत गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं. केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी तुम्हाला कधी काही म्हटलं होतं का, हेडाऊ?"

"नाही, सर. तुम्ही नाही म्हटलं."

"मग हे तुम्ही माझ्यासाठी केलं असं समजू नका," केशवराव म्हणाले, आणि समोरची फाईल ओढून वाचू लागले. त्यानंतर ते सरांशी कामापुरतंच बोलत. सरांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

दामिनी कॉलेजला जाऊ लागली. सकाळी ती तुमसरकडे निघे, त्याच वेळी सर तुमसरहून शाळेकडे येत, त्यामुळे समोरासमोर येणं क्वचितच होई. एकदा, पावसाळा संपत आला असताना, सिहोऱ्याच्या स्टँडवर दोन्ही गाड्या एकदम थांबल्या. खिडकीला खिडकी लागली. पलीकडच्या गाडीत दामिनी बसली होती, मांडीवर पुस्तकं. तिने सरांना पाहिलं. नजर वळवली नाही, पण हातही जोडले नाहीत. सरांना वाटलं, आपण करावा नमस्कार. त्यांनी हात उचलून जोडले. तेवढ्यात तिची गाडी निघाली. तिने तो पाहिला की नाही, हे त्यांना कळलं नाही.